चलान खरं आहे का हे बघण्याआधी कार्ड काढलं, ८८,४९० रुपये गेले

८८,४९० रुपये. आधी आकडाच लिहिते, कारण गेले अडीच महिने तो डोक्यातून जात नाही. एकदा ४९,८५०, मग दोन मिनिटांनी ३८,६४०. दोन्ही वेळा ओटीपी मीच टाकला. हे लिहितानाही लाज वाटते. पण न लिहिण्याने कुणाचं भलं होणार नाही, म्हणून लिहिते आहे.

खोट्या चलानाचे मेसेज येतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाने व्हॉट्सअॅपवर आलेली ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अॅप बसवणारी) उघडली होती आणि त्याचं खातं साफ झालं होतं. तेव्हा ‘असं कसं उघडलंस?’ असं विचारणाऱ्यांत मीच पुढे होते. त्यामुळे मी फाइल उघडली नाही, कुठलंही अॅप घेतलं नाही, कुणाला फोनवर काही सांगितलं नाही. एवढी काळजी घेतली म्हणजे झालं असं धरून चालले होते. मी अडाणी नाही. अठरा वर्षं अकाउंट्स बघते आहे, पैशाचा व्यवहार डोळे झाकून करायची मला सवय नाही.

माझी बाजूही ऐकून घ्या. १६ नोव्हेंबरला, रविवारी, आईला पनवेलला भावाकडे सोडायला मी एक्स्प्रेस वेने गेले होते. गाडी मीच चालवत होते. सपाटीला १०० आणि घाटात ६० ही मर्यादा पाठ आहे. पण खंडाळ्याचा उतार, मागे चिकटलेले ट्रक आणि शेजारी आई. काटा साठच्या वर गेला होता हे मला गाडीत असतानाच कळलं होतं. कॅमेरे बसल्यापासून कुणाकुणाला चलान आलं याच्या गप्पा रोजच्या झाल्यात. म्हणजे चार दिवस मी चलानाची वाटच बघत होते. आणि गुरुवारी संध्याकाळी सात एकतीसला मेसेज आला. अतिवेगाचं चलान बाकी आहे, आज भरलं नाही तर लायसन्स निलंबित होईल, खाली लिंक. त्या मेसेजमध्ये माझ्या गाडीचा नंबर नव्हता, नुसतं ‘आपले वाहन’. तो दहा आकडी साध्या मोबाइल नंबरावरून आला होता. हे दोन्ही मला आज दिसतं. त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मला फक्त ‘अतिवेग’ दिसलं.

सरकारी मेसेज कुणाच्या खासगी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो अक्षरी नावाने येतो आणि हल्ली त्या नावाच्या शेवटी सरकारी मेसेजसाठी ‘जी’ असतं. आत्ताच आपल्या फोनमधले जुने मेसेज उघडून बघून ठेवा.

लिंक उघडली. वर अशोकस्तंभ, निळी पट्टी, परिवहन विभागाचं नाव, हुबेहूब. पत्त्यात ‘परिवहन’ होतं, ‘ई-चलान’ही होतं, पण शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हता. पत्ता पहिल्या तिरप्या रेघेच्या (/) आधीच्या शेवटापासून वाचायचा असतो. मधे काय लिहिलंय याला काही अर्थ नाही, मधे कुणीही काहीही लिहू शकतो.

आता जिथे मी थांबायला हवं होतं ते सांगते. हे मी नवऱ्यालाही दोन दिवसांनी सांगितलं, कारण पैसे गेल्याचं सांगण्यापेक्षा हे सांगणं जास्त जड होतं.

पानावर गाडीचा नंबर विचारला. पिठाचे हात, घाई, मी शेवटचे दोन आकडे उलटे टाकले, ७३ ऐवजी ३७. चलान समोर आलं. चलान नंबर, १६ नोव्हेंबर तारीख, दंड २,००० रुपये. वर नजर गेली तर गाडीचा नंबर ३७ने संपत होता. चूक कळली. मागे गेले, नीट ७३ टाकलं. पुन्हा चलान आलं. तेच. तोच चलान नंबर, तीच तारीख, वेळेचा मिनिटही तोच.

दोन वेगळ्या गाड्या आणि एकच चलान नंबर! ऑफिसात दोन पार्ट्यांच्या नावावर एकच बिल नंबर दिसला तर मी पेमेंट तिथेच थांबवते, मग समोर कुणीही असो. तेच माझं काम आहे, त्याचाच पगार घेते. आणि त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं काय, तर ‘चला, आता बरोबर आलं.’ मला हायसं वाटलं! ते पान कुठलाही नंबर टाकला तरी तेच चलान दाखवत होतं. अ, आ, इ, ई टाकलं असतं तरी दाखवलं असतं. आणि तारीख? एवढ्या लोकांना मेसेज गेले असतील, त्यात त्या रविवारी हायवेवर गेलेले कितीतरी असणारच. मी त्यांच्या जाळ्यात आयती बसले. रात्री झोप लागत नाही ती या एका गोष्टीसाठी. पुरावा माझ्या हातात होता, मीच चुकून काढला होता, आणि मीच तो बाजूला सारला.

म्हणून लिंकवर गेलाच असाल तर एक करा, मुद्दाम चुकीचा नंबर टाका. पण मुळात लिंकवर जाऊच नका.

‘फोटो पाहा’ असं बटण होतं. दाबलं तर सर्व्हर व्यस्त असल्याचं आलं. सरकारी साइट म्हणून तेही मी खपवून घेतलं. खाली लिहिलं होतं, ‘आज रात्री १२ पर्यंत भरल्यास ५० टक्के सूट, १,००० रुपये.’ लोकअदालतीत चलानाची रक्कम कमी होते हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, म्हणून सूट ऐकून खटकलं नाही. शिवाय २,००० हा आकडा बरोबर होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला अतिवेगाचा दंड १,००० ते २,००० आहे. म्हणजे या लोकांनी अभ्यास केलेला असतो, आपणच करत नाही.

पैसे भरायला फक्त कार्डाचा पर्याय होता. यूपीआय नाही, नेट बँकिंग नाही. चहावालासुद्धा यूपीआय घेतो आणि सरकारी साइट घेत नाही, असं कसं? हेही तेव्हा सुचलं नाही. क्रेडिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. ओटीपी आला. फोनच्या वरच्या पट्टीत ‘ओटीपी कॉपी करा’ असं येतं ना, तेच दाबलं आणि चिकटवला. मेसेज उघडलाच नाही. त्या मेसेजमध्ये ४९,८५० रुपये आणि व्यापाऱ्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. पानावर आलं, ‘व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा ओटीपी, पुन्हा तसाच चिकटवला. सात बावन्न आणि सात चोपन्न. ओटीपीचा मेसेज पूर्ण उघडून रक्कम वाचल्याशिवाय आकडा टाकू नका, ती कॉपीची सोय वापरूच नका.

तिसऱ्यांदाही ‘अयशस्वी’ येणार म्हणून मी बँकेचं अॅप उघडलं, तेव्हा कळलं.

इथून पुढे जे झालं त्याचा राग वेगळा आहे. अॅपमध्येच कार्ड बंद करायची सोय असते, दहा सेकंदांचं काम. मला ते त्या वेळी सुचलं नाही, मी बँकेला फोन लावला. भाषा निवडा, एक दाबा, चार दाबा, कार्डाचे आकडे टाका, मधे कर्जाची जाहिरात. माणूस बोलायला आठ एक्केचाळीस झाले. तो म्हणाला, “मॅडम, कार्ड ब्लॉक केलंय, पण व्यवहार यशस्वी झालेत, ते थांबवता येणार नाहीत.” अहो, दोन मिनिटांत दोन मोठी गिफ्ट व्हाउचरं, ज्या कार्डावर आजवर किराणा आणि विजेचं बिल याखेरीज काही नाही! तुमच्या यंत्रणेला हे विचित्र वाटलं नाही? १५० रुपयांचं पेट्रोल परराज्यात भरलं की तुमचा फोन येतो. त्यावर “तक्रार नोंदवली आहे” एवढंच.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर मी बँकेनंतर लावला, तो आधी लावायला हवा होता. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायची सोय तिथूनच आहे. तुम्ही कार्ड बंद करा आणि लगेच १९३० लावा, बँकेशी भांडण नंतर.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सायबर पोलिसांकडे गेले. तिथे म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. ठाण्यात गेले. तिथे म्हणाले, ऑनलाइनचं इथे होत नाही, सायबरला जा. दोन्हीकडची माणसं तोंडाने वाईट नव्हती, खुर्ची दिली, पाणी विचारलं. पण कागद घ्यायला कुणी तयार नाही. ८८,४९० रुपये लहान? माझा दीड महिन्याचा पगार आहे तो. एकाने विचारलं, “ताई, पण ओटीपी तुम्हीच दिलात ना?” जणू मी दार उघडं टाकलं म्हणून चोरी ही चोरीच नाही. सोमवारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ची प्रत छापून नेली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीबाहेरची असली तरी ठाण्याला घ्यावी लागते, १ जुलै २०२४पासून हा कायदा लागू आहे. कागद बघून “अर्ज ठेवून जा” एवढी प्रगती झाली. गुन्हा नोंदला गेला तेविसाव्या दिवशी, पाच खेपांनंतर. प्रत्येक खेपेला तीच कहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच भाव.

बँकेचं उत्तर सव्वीस दिवसांनी आलं, दोन ओळी. व्यवहार ओटीपीने प्रमाणित झाल्याने जबाबदारी ग्राहकाची. मधल्या काळात बिल आलं, वादातली रक्कम बाजूला ठेवा असं लेखी देऊनही त्यावर व्याज लावलं, व्याजावर १८ टक्के जीएसटी. शेवटी मुलीच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडून भरलं. माझे पैसे गेले तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक लागू होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेले पैसे कळवेपर्यंत ग्राहकाचे, कळवल्यानंतर गेलेले बँकेचे, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर. मी मान्य करते की पहिलं वाक्य माझ्या विरुद्ध जातं. पण सिद्ध करायचं म्हणजे दोन ओळी लिहून हात झटकायचे नसतात. म्हणून कळवल्याची वेळ जपून ठेवा, मेसेज, तक्रार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट. तोंडी काही धरलं जात नाही.

आता खरं चलान. तेही आलं! २८ नोव्हेंबरला, त्याच रविवारचं. मेसेजमध्ये माझ्या गाडीचा पूर्ण नंबर होता. तरी मी त्यातली लिंक दाबली नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटचा पत्ता स्वतः टाइप केला, गाडी नंबर आणि आरसीवरून चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे दिले. हे चार आकडे चोराच्या पानाने विचारलेच नव्हते. फोटो उघडला. माझी गाडी, माझी नंबर प्लेट, घाटाचा रस्ता, ७१चा वेग, वेळ, ठिकाण, कलम. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलानात हे सगळं असावंच लागतं, आणि गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस निघावी लागते. फोटोत दुसऱ्याची गाडी असेल, सहाचा आठ वाचला गेला असेल, तर पैसे भरू नका. तिथेच तक्रारीचा पर्याय आहे, आपल्या गाडीचे फोटो जोडून तक्रार करा. एकदा भरलं की मान्य केलं असा अर्थ होतो.

माझं चलान बरोबर होतं. २,००० रुपये भरले, पावती घेतली, केंद्राच्या परिवहन पोर्टलवर दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री केली. सगळं मिळून आठ मिनिटं लागली. खऱ्या चलानात रात्री १२ची धमकी नव्हती आणि सूटही नव्हती.

ज्यांच्या घरी वडील किंवा सासरे गाडी चालवतात त्यांनी त्यांच्या फोनवर ही साइट आजच सेव्ह करून द्या. आणि घरात कुणी असं फसलं तर ओरडू नका. ओरडतील म्हणून मी दोन दिवस गप्प होते.

१९३०वरच्या तक्रारीमुळे एका खात्यात ६,२०० रुपये गोठवले गेलेत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं सांगितलंय. बाकीच्या रकमेची व्हाउचरं त्याच रात्री वापरून झाली होती. बँकेच्या उत्तराविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केलाय, त्याला फी नाही, वकील लागत नाही. अर्जात दोन्ही ओटीपींच्या वेळा लिहिल्या आहेत आणि ७३ आणि ३७चंही लिहिलं आहे. नवरा म्हणाला ते कशाला, तुझ्याच विरुद्ध जाईल. मी ते काढलं नाही.