सीड फंड योजना: अर्ज सोपा, खरी परीक्षा इन्क्युबेटर निवडण्याची

नव्या कंपन्यांना सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडचा अर्ज भरायला अर्धा दिवस पुरतो. कंपनीची माहिती, पिच डेक (कल्पना मांडणाऱ्या स्लाइड), निधी कुठे खर्च करणार याचा तक्ता आणि शेवटी पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, उपकरणं आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्था. बहुतेक संस्थापक डेक घासण्यात तीन आठवडे घालवतात आणि ही तीन नावं दोन मिनिटांत टाकून मोकळे होतात. नेमकं उलटं करायला हवं.

945 कोटींची ही योजना 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली, पण सरकार स्टार्टअपच्या खात्यात थेट काही टाकत नाही. केंद्राची तज्ज्ञ समिती इन्क्युबेटर निवडते आणि त्याला 5 कोटींपर्यंत निधी मंजूर करते. पुढे कोणाला किती द्यायचं, हे त्या इन्क्युबेटरची समिती ठरवते. त्यामुळे योजना एक असली तरी अनुभव इन्क्युबेटरगणिक वेगळा येतो.

आधी पात्रता. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) मान्यता हवी, अर्ज करताना कंपनी नोंदवून दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, भारतीय प्रवर्तकांकडे किमान 51 टक्के समभाग हवेत. या दोन वर्षांच्या अटीनेच हार्डवेअरवाल्यांची पंचाईत होते. उत्साहात पहिल्याच दिवशी प्रायव्हेट लिमिटेड काढायची आणि मग दीड वर्ष नुसते सर्किट बोर्ड जाळत बसायचं, तोवर घड्याळ संपत येतं.

पैसे दोन वाटांनी येतात. संकल्पना सिद्ध करणं, प्रोटोटाइप (पहिला चालता नमुना) आणि चाचण्या यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, ते परत करायचं नाही. बाजारात उतरण्यासाठी किंवा वाढीसाठी 50 लाखांपर्यंत निधी कर्ज अथवा परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या (पुढे समभागांत बदलता येणाऱ्या कर्जाच्या) रूपात मिळतो. कर्जाच्या अटी खरोखर चांगल्या आहेत. व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते, त्यापेक्षा) जास्त नाही, मुदत 60 महिन्यांपर्यंत, परतफेडीचे हप्ते सुरू होण्याआधी 12 महिन्यांपर्यंत सवलत, आणि तारण नाही की प्रवर्तकाची वैयक्तिक हमी नाही. बँकेत याच्या जवळपासचंही काही मिळत नाही. तरीही लोक अनुदानाच्याच मागे धावतात, हे कोडंच आहे.

आता सगळ्यात महागात पडणारी अट. केंद्र किंवा राज्याच्या इतर योजनांतून 10 लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतली असेल, तर सीड फंडचं दार बंद. स्पर्धेतलं बक्षीस, सवलतीची जागा, प्रयोगशाळेचा वापर, संस्थापकाचा मासिक भत्ता यात धरत नाहीत. पण जैवतंत्रज्ञानातल्या कंपनीने आधी बायरॅकचं (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान उद्योग संस्थेचं) ‘बिग’ अनुदान घेतलं (ते 50 लाखांपर्यंत असतं), तर ती इथून बाद. निधी-प्रयास या केंद्राच्या प्रोटोटाइप अनुदानाची कमाल मर्यादा 10 लाख आहे, म्हणजे ते घेऊनही इथे येता येतं. कोणतं अनुदान कोणत्या क्रमाने घ्यायचं, हे कागदावर मांडल्याशिवाय पहिला अर्ज टाकू नये.

इन्क्युबेटर निवडताना नावाच्या वलयापेक्षा तुमच्या कामाची उपकरणं आणि माणसं तिथे आहेत का, ते बघा. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर रसायन, जैवतंत्रज्ञान आणि मटेरियल सायन्समध्ये मुरलेलं आहे. तिथे निव्वळ हिशेबाचं ॲप घेऊन जाण्यात मतलब नाही. अर्जाआधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: सध्या अर्ज घेताय का, मंजूर निधीतला किती शिल्लक आहे, समितीत आमच्या क्षेत्रातलं कोण आहे, आणि मागच्या स्टार्टअपला कामाचा ठरलेला टप्पा पूर्ण झाल्यावर दुसरा हप्ता किती दिवसांनी मिळाला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर पसंतीक्रम बदला. निवडीसाठी किंवा निधी वाटपासाठी इन्क्युबेटरने शुल्क घ्यायचं नाही, असा नियम आहे. जागा आणि इतर सेवांच्या वेगळ्या करारात समभागांची टक्केवारी मागितली जाऊ शकते, म्हणून सही करण्याआधी तोही मसुदा मागून घ्या.

नियमाप्रमाणे पहिला हप्ता अर्जापासून 60 दिवसांत यायला हवा. पुढचे हप्ते मात्र टप्प्यांना बांधलेले असतात आणि गाडी तिथेच अडते. दोष बऱ्याचदा संस्थापकाने स्वतः लिहून दिलेल्या टप्प्याचा असतो. समजा, जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवताय. ‘प्रोटोटाइप पूर्ण’ असा टप्पा लिहिला, तर पूर्ण म्हणजे काय यावर समितीत तासभर काथ्याकूट होणार. त्याऐवजी असं लिहा: ‘5 नग, 3 शेतं, सलग 30 दिवस, माती ओव्हनमध्ये वाळवून काढलेल्या ओलाव्याशी फरक 5 टक्क्यांच्या आत’. हे मोजता येतं, त्यामुळे वाद उरत नाही. बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांना उशीर होणारच, तेव्हा तारखेत सहा आठवड्यांची सैल जागा ठेवा. पहिल्या टप्प्यात ग्राहकसंख्या किंवा विक्रीचा आकडा घालायचा मोह टाळा, कारण ती गोष्ट तुमच्या हातात नसते.

खर्चाचं पथ्य पाळावं लागतं. अनुदानातून कायमस्वरूपी सुविधा उभारता येत नाही, तेव्हा ऑफिसचं फर्निचर विसरा. खातं वेगळं ठेवा, प्रत्येक बिल कंपनीच्या नावाने घ्या. संस्थापकाच्या कार्डावर घेतलेली दीड हजाराची चिप उपयोगिता प्रमाणपत्राच्या (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याच्या) वेळी सीएला आठवडाभर नाचवते. इन्क्युबेटरलाही निधी टप्प्याटप्प्यानेच येतो, त्यामुळे तुमच्या उशिरा कागदांचा फटका शेजारच्या स्टार्टअपलाही बसू शकतो.

महाराष्ट्रातल्यांनी याच्या जोडीला राज्य नाविन्यता सोसायटीचे उपक्रम बघावेत. स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या 24 स्टार्टअपना सरकारी विभागांत पथदर्शी काम (छोट्या प्रमाणावर करून दाखवण्याचं काम) करण्यासाठी कार्यादेश मिळतो. अनुदानापेक्षा हा कागद मोलाचा, कारण पुढच्या ग्राहकाला तो दाखवता येतो. पण पथदर्शी काम म्हणजे खरेदी नव्हे. ते संपल्यावर विभागाला खरेदीच्या रीतसर प्रक्रियेतूनच जावं लागतं, त्यामुळे कार्यादेश हाती आल्या दिवशीच जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

पेटंटच्या बाबतीत मदत चांगली आहे, फक्त क्रम सांभाळा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क 1,600 रुपये आहे, मोठ्या कंपनीला तेच 8,000. प्रोव्हिजनल (तात्पुरता, प्राथमिक) अर्ज आधी टाकावा, मगच डेमो डेच्या (गुंतवणूकदारांपुढच्या सादरीकरणाच्या) मंचावर आतली रचना दाखवावी. उघड केलेल्या गोष्टीचं नावीन्य नंतर सिद्ध करता येत नाही. पूर्ण तपशिलाचा अर्ज 12 महिन्यांच्या आत गेला नाही, तर प्रोव्हिजनल सोडून दिल्यासारखा धरतात. राज्याची पेटंट मदत परतफेडीच्या स्वरूपात असते. आधी खिशातून भरायचे आणि मग पावत्या जोडायच्या, एवढी रोकड हाताशी ठेवून बसा.

गुण द्यायचेच तर पाचपैकी कर्जाला साडेचार, अनुदानाला साडेतीन. सॉफ्टवेअरवाल्यांना दोन वर्षांची अट जाणवतही नाही. वैद्यकीय उपकरणवाल्यांनी मात्र कंपनी नोंदवण्याची तारीखच या योजनेकडे बघून ठरवावी.