घरी बनवलेल्या लॅमिनेट मुठी, काही महिन्यांच्या वापरानंतर: डेनिम टिकले, कागद उकलला, पण खरी तक्रार बाटलीवरच्या लेबलाची

सरावाच्या एअर पिस्तुलाला मी स्वतः बनवलेल्या लॅमिनेटच्या मुठी बसवल्या, त्याला आता बरेच महिने झाले. अलीकडेच कागदी थरांच्या जोडीतली डावी पट्टी स्क्रूच्या छिद्रापाशी उकलली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कापडाचे किंवा कागदाचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून, एकावर एक रचून, दोन फळ्यांमध्ये क्लॅम्पने आवळून ठोकळा कसा करतात हे वाचकांना माहीत आहे असे धरून चालतो. जुन्या जीन्सचे कापड घरातच होते, त्यामुळे खर्च झाला तो फक्त एपॉक्सीवर (रेझिन आणि त्याला कडक करणारा हार्डनर, अशा दोन भागांचा गोंद), आणि माझा सगळा राग आहे तोही त्या एपॉक्सीवरच.

बाटलीच्या लेबलावर रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण २:१ असे छापलेले होते. हे प्रमाण वजनाचे की आकारमानाचे, याबद्दल लेबलावर एक अक्षरही नव्हते. सोबत वजनाने मोजणारा छोटा काटा वापरण्याची शिफारस असल्यामुळे कोणीही ते वजनाचेच समजेल, आणि मीही तसेच मोजले. पहिला डेनिमचा ठोकळा दुसऱ्या दिवशी वरून कडक वाटला, पण नख दाबले की खूण उमटत होती. विक्रेत्याने हवेतल्या दमटपणाला दोष दिला. दमट हवेत हार्डनरमधल्या अमाइन या रसायनामुळे पृष्ठभागावर तेलकट थर येतो हे खरे आहे, पण तो थर कोमट पाण्याने धुतला की जातो. मी ठोकळा धुतला, पुसला आणि करवतीने मधोमध कापला. कापलेल्या कडेवर, हवेचा स्पर्शही न झालेल्या आतल्या थरांवरसुद्धा नखाची खूण तशीच उमटली. दमटपणा ठोकळ्याच्या पोटात शिरून हे करू शकत नाही, हे विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवले, तरी उत्तर तेच आले.

हिशेब अवघड नाही. रेझिनची घनता साधारण १.१५ आणि हार्डनरची ०.९७ च्या आसपास असते. आकारमानाने २:१ घेतले तर वजनाने ते जवळपास १०० ला ४२ भरते. तेच प्रमाण वजनाचे समजून १०० ला ५० घेतले, तर हार्डनर सुमारे १९ टक्के जास्त पडतो. हा जादा हार्डनर रेझिनशी जोडला न जाता आत मोकळा राहतो, आणि कितीही वाट पाहिली तरी ठोकळा मऊच राहतो. दोन कागदी कपांत थोडे थोडे मिश्रण करून पाहिले: वजनाने २:१ घेतलेल्या कपातला गोळा बोटांनी वाकत होता आणि आकारमानाने घेतलेला हातोडीने फोडावा लागला. उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात आकारमानाचा उल्लेख आहे, पण ते पत्रक बाटलीसोबत येत नाही, मागितल्यावर मिळते. दोन शब्द छापले असते तर ग्राहकाचे कापड, रेझिन आणि वेळ वाचला असता. एवढी साधी जबाबदारी टाळणे मला अक्षम्य वाटते.

योग्य प्रमाणाने केलेला दुसरा डेनिमचा ठोकळा मात्र अपेक्षेपेक्षा फारच चांगला निघाला. आठ थर आवळल्यावर जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास आली. कापड आधी धुऊन त्यातली खळ काढली होती आणि पूर्ण वाळवले होते, त्यामुळे रेझिन धाग्यांत नीट मुरले. पट्टीला कानशीने गोलाई देताना निळे आणि पांढरे थर नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे उघडत जातात, आणि जिथे उतार मंद तिथे रेषा रुंद होते. हे सौंदर्य आधी ठरवून आणता येत नाही, ते हाताखाली हळूहळू दिसू लागते, आणि त्या कामात मला मनापासून आनंद झाला.

तरीही सुरुवातीला माझे मत कागदाच्या बाजूचे होते. कागदाचे थर पातळ असल्यामुळे रेषा बारीक येतात, धागे सुटत नाहीत, आणि पॉलिश केल्यावर चकाकी सुरेख येते. काही आठवड्यांच्या वापरानंतर ते मत टिकले नाही. घाम आला की चकाकणारी कागदी मूठ हातात सरकू लागते. उलट २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबवलेले डेनिम घामात अधिक घट्ट धरले जाते, कारण धाग्यांची कापलेली टोके पृष्ठभागावर किंचित खरखरीत राहतात. नेमबाजाला मूठ प्रत्येक वेळी हातात त्याच जागी बसावी लागते, म्हणून माझ्या लेखी हा गुण चकाकीहून कितीतरी मोठा आहे.

कागद उकलण्याचे कारण शोधताना कारखान्यातल्या मालाकडे पाहावे लागले. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड यांना फिनॉलिक रेझिनचे (बेकेलाइटचे) पेटंट १९०९ मध्ये मिळाले आणि १९१० च्या सुमारास वेस्टिंगहाऊस कंपनीने त्याच जातीच्या रेझिनपासून मायकार्टा हे थरांचे लॅमिनेट बनवले, ते विजेच्या उपकरणांत वीजरोधक म्हणून. तिथे पातळ रेझिन कागदाच्या तंतूंत शिरते आणि मग थर सुमारे १५० अंश सेल्सिअसला, चौरस सेंटिमीटरमागे सत्तर किलो किंवा त्याहून जास्त दाबाखाली एकजीव होतात. मुठीच्या ७५ चौरस सेंटिमीटरच्या ठोकळ्यासाठी हा दाब पाच टनांच्या पुढे जातो. घरातले क्लॅम्प त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत, शिवाय घट्ट एपॉक्सी कागदाच्या पोटात न जाता थरांमध्येच बसते. त्यातून शंकूच्या माथ्याचा स्क्रू आवळला की तो माथा पाचरीचे काम करतो आणि थर एकमेकांपासून दूर ढकलतो. माझी पट्टी नेमकी तिथूनच उकलली, आणि चीर थरालगत सरळ गेली. डेनिममध्ये विणीच्या उंचसखलपणामुळे शेजारचे थर एकमेकांत रुततात, म्हणून चिरेला तशी सरळ वाट मिळत नाही. ज्यांना कागदच हवा आहे, त्यांनी सपाट माथ्याचा स्क्रू आणि खाली वॉशर वापरावा, आणि छिद्र पाडताना मागे लाकडाचा तुकडा घट्ट धरावा, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना कड तुटत नाही.

उष्णतेबद्दलही सावध राहावे. सामान्य तापमानाला कडक झालेले बरेचसे एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढे तापमान सहज होते. रेझिनला चालत असेल तर कडक झालेला ठोकळा काही तास ६० अंशांच्या आसपास तापवून घेतला की ही मर्यादा थोडी वर जाते. स्पर्धेत वापरायची मूठ असेल तर पट्टी जाड करण्याआधी नियम पाहावा: १० मीटर एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते आणि मुठीचा आधार हाताच्या पुढे मनगटापर्यंत जाता कामा नये.

घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ देऊ नये. मी ओल्या पेपरने घासतो आणि तरीही मास्क लावतो. हातमोजे नायट्रिलचेच वापरावेत, आणि हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये, कारण थिनर त्वचेचे संरक्षण काढून घेतो. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर सोडत नाही.

सध्या पिस्तुलावर डेनिमची जोडी आहे आणि तिचा एकही स्क्रू सैल झालेला नाही. उरलेल्या कागदी ठोकळ्यातून कानशीची मूठ करणार आहे, तिथे स्क्रू लागत नाही. विक्रेत्याला लेबल दुरुस्त करण्याबद्दल पुन्हा लिहिले आहे. प्रमाण वजनाचे की आकारमानाचे, हे लेबलावर छापले जाईपर्यंत त्याच्याकडून पुढची बाटली घेणार नाही.