पँथिऑन की सान क्लेमेंते?

रोममध्ये अर्धाच दिवस हाताशी असताना प्राचीन मूर्तिपूजक धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांचे नाते प्रत्यक्ष पाहायचे, तर पँथिऑन हे प्राचीन मंदिर आणि सान क्लेमेंते हे चर्च या दोहोंपैकी कोठे जावे, असे एका स्नेह्यांनी विचारले.

पुराव्याच्या दृष्टीने पँथिऑनमध्ये हस्तांतर दिसते. दुसऱ्या शतकातील रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातले हे मंदिर पुढे बायझंटाइन सम्राट फोकासच्या संमतीने ६०९ च्या सुमारास पोप चौथे बोनिफेस यांनी चर्च केले, आणि बहुधा त्यामुळेच सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट शाबूत राहिला. मूळ देवमूर्ती मात्र आत एकही नाही. (पुढे सतराव्या शतकात मंडपाचे कांसे काढून नेले तेही एका पोपनेच.) सान क्लेमेंतेत थर दिसतात: बाराव्या शतकातील चर्चखाली चौथ्या शतकातील चर्च आणि त्याही खाली मिथ्र या रोमन काळात पुजल्या जाणाऱ्या देवाचे उपासनागृह, जिथे दोन्ही बाजूंना दगडी बैठका असून वेदीवर बैलाला मारणारा मिथ्र कोरलेला आहे.

तिकीट आता दोन्हीकडे लागते. श्रम मात्र सान क्लेमेंतेत अधिक, कारण ओलसर तळघरात जिने उतरावे लागतात.

गुडघे दुखत असतील किंवा वास्तुकलेची ओढ असेल, तर पँथिऑन निवडावे. जुना देव त्याच्या जागी पाहायचा असेल, तर सान क्लेमेंतेच.