मिदोरी: नुसती पिऊ नका, आधी लिंबं आणा

मिदोरी ही खरबुजाची हिरवी लिकर, म्हणजे गोड दारू, नुसती प्यायची वस्तू नाही, हे आधीच सांगून टाकते. बर्फावर ओतून घोट घेतलात तर तोंडात पहिल्यांदा पाकच येईल. वास छान आहे. हिरव्या गराच्या, नीट पिकलेल्या खरबुजाचा, आणि त्यामागे शाळेबाहेर मिळणाऱ्या रंगीत गोळ्यांचा. चव मात्र आधी साखर, मग साखर आणि मग थोडं खरबूज. तरीही आमच्या घरच्या बारमध्ये (म्हणजे चपलांच्या कपाटाचा वरचा खण) ही बाटली कायम असते, आणि ती फक्त जॅपनीज स्लिपर या कॉकटेलसाठी.

मिदोरी जपानच्या सनटोरी कंपनीची. या नावानं ती १९७८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाजारात आली, म्हणजे डिस्कोच्या ऐन भरात, आणि तो झगमगाट अजून बाटलीच्या रंगात दिसतो. जॅपनीज स्लिपर मात्र मी राहते त्या मेलबर्नचं. १९८४ मध्ये इथल्या मिएटाज या रेस्टॉरंटमध्ये जाँ-पॉल बूर्गिन्यों यांनी ते पहिल्यांदा केलं. मिदोरी, क्वाँत्रो (संत्र्याच्या सालीची लिकर) आणि लिंबाचा रस, तिन्ही समसमान. एवढंच. मोजमाप लक्षात ठेवायची गरज नाही, आणि पार्टीच्या दिवशी डोकं ठिकाणावर नसताना ही फार मोठी सोय असते.

इथे बहुतेक लोक मिदोरीत लेमनेड घालून पितात. लेमनेड म्हणजे इथल्या भाषेत गोड, पांढरा सोडा. गोडात गोड. दोन घोटांनंतर जीभ थकते. दुसरा प्रकार म्हणजे वोडका, अननसाचा रस आणि मिदोरी एका जगमध्ये ढवळायची. पबमध्ये हे चालतं, पण घरी मला पटत नाही: अननस खरबुजाला पूर्ण गिळून टाकतो, मग बाटलीचे पैसे फक्त रंगासाठी मोजल्यासारखे होतात. संत्र्याचा रस घातला तर रंगही जातो, शेवाळलेल्या टाकीच्या पाण्यासारखा दिसतो. हिरवं पेय हिरवंच दिसायला हवं असेल तर बाकीचं सगळं बिनरंगी किंवा फिकट हवं. क्वाँत्रो पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि लिंबाच्या रसानं फक्त किंचित धूसरपणा येतो. काचेतून उजेड पडला की छान दिसतं. हा हिरवा खायच्या रंगाचा आहे, फळाचा नाही, हे माहीत असूनही दिसायचं ते दिसतंच.

आता कडकपणाचं. मिदोरीत अल्कोहोल २० टक्के, क्वाँत्रोत ४०. दोन्ही तीस-तीस मिलिलिटर आणि तेवढाच लिंबाचा रस घेतला तर ग्लासात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल येतं. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमला एक स्टँडर्ड ड्रिंक मोजतात, म्हणजे हा इवलासा ग्लास जवळजवळ दीड झाला. पण पिताना ते जाणवत नाही, सरबतासारखं उतरतं. आमच्या मंडळातले एक काका, जे एरवी व्हिस्कीशिवाय दुसऱ्या कशाला पेय म्हणत नाहीत, "हे बायकांचं काहीतरी दिसतंय" म्हणून हसले होते. तिसऱ्या ग्लासानंतर त्यांनी आम्हाला नाट्यगीतं ऐकवली, न मागता, आणि नंतर काकूंनी गाडी चालवली. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, पूर्ण लायसन्सवाल्यांना रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोलची मर्यादा आहे आणि लाल-हिरव्या पी-प्लेटवाल्या नवख्या चालकांना शून्य. तेव्हा कोण गाडी चालवणार हे पहिला ग्लास भरण्याआधीच ठरवून घ्या. ग्लासही लहानच काढा. मोठा ग्लास दिसला की माणसं तो भरायला सांगतात.

क्वाँत्रोच्या जागी स्वस्त ट्रिपल सेक (तशीच संत्र्याची लिकर) घेऊन पैसे वाचवायचा मोह होतो, कारण क्वाँत्रो मिदोरीपेक्षा महाग आहे. मी सांगेन, इथे हात आखडू नका. स्वस्त ट्रिपल सेक बरेचदा पंधरा-वीस टक्क्यांचं आणि जास्त गोड असतं. मिदोरीचा गोडवा तोडायला दुसऱ्या बाटलीत जोर हवा, नाहीतर पुन्हा पाक तो पाकच. काटकसर करायचीच तर खरबुजाच्या लिकरमध्ये करा. दुसऱ्या कंपन्यांची मेलन लिकरं थोडी स्वस्त मिळतात. त्यांत खरबूज कमी आणि गोळी जास्त लागते, पण लिंबू आणि संत्र्यामागे ते बऱ्यापैकी लपून जातं. मी स्वतः मिदोरीच घेते.

आणि लिंबू. आपल्याकडचं पातळ सालीचं कागदी लिंबू वेगळं, आणि इथलं पिवळं, जाड सालीचं वेगळं. या पेयाला पिवळंच हवं. हिरव्या लाइमनं किंचित कडवटपणा येतो आणि खरबूज मागे पडतं. मेलबर्नमध्ये निम्म्या घरांच्या मागे लिंबाचं झाड असतं, शेजारी पिशवी भरून देतात, नको म्हटलं तरी देतात. फक्त एक बघून घ्या: झाड मेयर जातीचं असेल तर फळ गोलसर, सालीला नारिंगी झाक असलेलं आणि चवीला कमी आंबट असतं. लोणच्याला उत्तम, इथे नको. आंबटपणा कमी पडला की सगळं पेय बसतं. बाटलीतला रस तर आणूच नका. त्याला येणारा शिळा वास साखरेनं झाकला जात नाही.

पार्टीत प्रत्येकासाठी शेकर हलवत बसणं म्हणजे स्वतःच्याच घरी वेटर होणं. मी आधीच करून ठेवते. बारा जणांना एकेक ग्लास म्हणून मिदोरी ३६० मिलिलिटर, क्वाँत्रो ३६०, लिंबाचा रस ३६० (आठ-नऊ रसाळ लिंबं लागतात) आणि गार पाणी २७०. हे पाणी ऐकून लोक नाक मुरडतात. पण शेकरमध्ये बर्फ वितळून जेवढं पाणी पेयात उतरतं, तेवढंच आपण वरून घालतो. ते नसेल तर पेय दाट आणि घशाला चटका देणारं लागतं. पाणी घातल्यावर ते साधारण १६ टक्क्यांवर येतं, म्हणजे वाइनपेक्षा थोडं कडक. चिमूटभर मीठ घालते. ते मीठ म्हणून कळत नाही, गोडवा मात्र ताळ्यावर येतो. रस त्याच दिवशी काढा, मिश्रण गाळून बाटलीत भरा आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये बाटली नको, बर्फाचा चुरा होतो. फ्रीझरमध्ये ठेवायचे ते ग्लास. ओतण्याआधी बाटली एकदा हलवा. तळाशी एक लाल चेरी टाकायची जुनी पद्धत आहे, ती मला आवडते. खरबुजाची फोडही चालेल.

बरोबर खायला काहीतरी खारट-तिखट हवं. कोथिंबीर वडी, भाजणीची चकली, कच्चा चिवडा, सगळं जमतं. दिवाळीच्या फराळाबरोबर द्यायचं असेल तर शंकरपाळी आणि लाडू लांब ठेवा.

एक सावधगिरी मात्र घ्याच. या रंगाचं पेय जगमध्ये दिसलं की मुलं धावत येतात, आणि भारतातून आलेल्या सासूबाई खसाचं सरबत समजून "मलाही थोडं दे गं" म्हणतात. (यात दारू आहे हे सांगितल्यावरही आईंनी अर्धा ग्लास घेतला, तो भाग वेगळा.) म्हणून मी जग वापरत नाही. झाकणाच्या बाटलीत ठेवते, चिठ्ठी लावते, आणि मुलांचं सरबत मुद्दाम लाल करते.

सातशे मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण तेवीस ग्लास होतात. मध्यम पार्टीला एक पुरते आणि तळाशी उरतेही. उरलेली मिदोरी उन्हाळ्यात व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर ओततो. पाच पैकी गुण द्यायचे तर नुसत्या बाटलीला दोन, क्वाँत्रो आणि आंबट लिंबाच्या संगतीत साडेचार. अर्धा गुण कापला तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या डोकेदुखीसाठी.