नवी रॅन्समवेअर टोळी: लीक साइटवर नजर ठेवायची की सॅम्पल उघडायचे?

आपला पुरवठादार किंवा ग्राहक फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या एखाद्या नव्या (रॅन्समवेअर) टोळीच्या यादीत आला का, एवढेच कळायला हवे असेल तर लीक साइट, म्हणजे टोळी बळींची नावे आणि चोरलेला डेटा टाकते ते संकेतस्थळ, पुरते. त्यासाठी टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवर स्वतः फिरायचीही गरज नाही. रॅन्समवेअर डॉट लाइव्ह आणि रॅन्समलुक ही संकेतस्थळे लीक साइटवरच्या नोंदी गोळा करतात; रॅन्समलुक तर स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येते. हल्ल्याची तारीख, पोस्टची तारीख आणि आपल्याला पोस्ट दिसल्याची तारीख यांचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर जुना हल्ला नवा म्हणून मोजला जातो. स्क्रीनशॉट लगेच घ्या: छोट्या टोळीची साइट वारंवार बंद पडते आणि वाटाघाटी सुरू झाल्या की नाव गुपचूप उतरते. चोरीच्या फायली मात्र डाउनलोड करू नका.

खोट अशी, की ही यादी टोळीनेच लिहिलेली असते. झटपट खंडणी देणारे तिच्यात सहसा येत नाहीत, न झालेले हल्ले मात्र येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोगिलेविच नावाच्या टोळीने एपिक गेम्सचा डेटा चोरल्याचा दावा केला आणि थोड्याच दिवसांत आपण भामटे आहोत हे स्वतःच सांगून टाकले. त्याच वर्षी चेंज हेल्थकेअर या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला अल्फव्ही टोळीकडून, पण एप्रिलमध्ये डेटा आपल्याकडे असल्याचे सांगत पुढे आली रॅन्समहब ही दुसरीच टोळी. म्हणून नोंदीत ‘बळी’ न लिहिता ‘दावा’ लिहावे.

हल्ला आपल्याकडे झाला तर ओळखायचा कसा, हा प्रश्न असेल तर सॅम्पलला, म्हणजे टोळीच्या प्रत्यक्ष घातक फाइलला, पर्याय नाही. खंडणीची चिठ्ठी आणि एन्क्रिप्ट झालेली, गोपनीय नसलेली एक फाइल आयडी रॅन्समवेअर या रॅन्समवेअर ओळखणाऱ्या संकेतस्थळावर तपासा. सॅम्पल चालवायचे ते नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच (संगणकातला आभासी संगणक), आधी स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी त्याची प्रत, घेऊन. फायली तपासून इतरांनाही उपलब्ध करणाऱ्या व्हायरसटोटलवर ते घाईघाईने चढवू नका. आत चिठ्ठी असेल तर बळीच्या चॅटचा दुवा परक्यांच्या हाती पडतो आणि वाटाघाटीत तिऱ्हाईत घुसतात. लॉकबिट टोळीच्या ३.० आवृत्तीच्या बिल्डरने (रॅन्समवेअर तयार करून देणारे साधन) बनवलेल्या फाइलच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे आत भरलेल्या सेटिंग्जमध्ये, तर बळीच्याच खात्यांचे पासवर्डही असू शकतात.

इथला सापळा वंशावळीचा. बाबुक या रॅन्समवेअरचा सोर्स कोड २०२१ मध्ये फुटला, लॉकबिट ३.० चा बिल्डर सप्टेंबर २०२२ मध्ये. छोट्या टोळ्या बहुधा असेच आयते सामान वापरतात, त्यामुळे यारा नियम (फाइलमधल्या खुणांवरून मालवेअर ओळखणारा नियम) ‘लॉकबिट’ म्हणाला तरी मागची माणसे वेगळी असू शकतात. कोडपेक्षा कॉन्फिग बघा: चिठ्ठीचा मजकूर, बंद करायच्या सर्व्हिसेसची यादी, वगळलेली फोल्डरे. शॅडो कॉपी (विंडोजच्या आपोआप ठेवलेल्या प्रती) पुसणे जवळपास सगळेच करतात. अलर्टसाठी ते उत्तम, टोळी ओळखायला कुचकामी.

एकटा माणूस आणि आठवड्याला तासभर, तर लीक साइट निवडा. स्वतःचे एसओसी (सुरक्षेवर नजर ठेवणारे पथक) आणि लॉग हाताशी असतील तर सॅम्पल. पैसे देऊन धोक्यांच्या माहितीचे फीड घेण्याआधी विक्रेत्याला एवढेच विचारा: अलीकडच्या तीन नव्या टोळ्यांबद्दल लीक साइटवर नसलेले काय आहे तुमच्याकडे?