वजन विचारणारी फार्मसी, डिचोली बाजार

सवलत हवी असेल तर दुसरीकडे जा. इथे छापील किमतीत एक पैसा कमी होत नाही, बसायला एकच स्टूल आहे आणि दुपारी एक ते चार शटर खाली. नातवंडांना ताप नेमका त्याच वेळेत चढतो. तरीही घरात लहान मूल असलेल्या कुणीही विचारलं तर मी हीच फार्मसी सांगते, कारण काउंटरवरची फार्मासिस्ट मुलगी आधी विचारते, "वजन कितलें बायेचें?" वय मागाहून.

चतुर्थीच्या तोंडावर नात तापाने फणफणली. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचं सिरप लिहून दिलं होतं, ५ मिलीत १२० मिग्रॅवालं, दर वेळी साडेसात मिली. ते नेमकं संपलेलं. २५० वालं होतं. कंपनी तीच, खोकासुद्धा जवळपास तसाच. दुसऱ्या कुणी तेच पुढे सरकवलं असतं. हिने नातीला काट्यावर उभं केलं. १२ किलो भरली. मग पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. किलोमागे १५ मिग्रॅ धरले तर एका वेळेला १८०. १२० वाल्याचे साडेसात मिली म्हणजे बरोबर १८०. तेवढंच २५० वालं पाजलं असतं तर ३७५ पोटात गेले असते, दुपटीहून जास्त! मी प्राथमिक शाळेत जन्मभर त्रैराशिकं शिकवली, त्यामुळे पेन्सिल मीही काढली: ५ मिलीत २५०, तर १८० साठी किती? ३.६ आलं. तिचंही तेच. तरी तिने परस्पर काही दिलं नाही. "राव बाई, डॉक्टराक विचारतां," म्हणून फोन लावला, त्यांनी साडेतीन मिली सांगितलं, तेव्हा कुठे बाटलीवर ठळक लिहून दिलं. खाली आणखी एक ओळ: चार तासांच्या आत पुन्हा नाही, चोवीस तासांत चारदाच.

बाटलीबरोबरच्या पेल्यात साडेतीनची रेघच नसते. त्यासाठी ती बिनसुईची, तोंडात द्यायची सिरिंज देते आणि तिच्यावर मार्करने खूण करून देते. आमच्या ह्यांचा चमच्यावर भारी विश्वास. मग सिरिंजने पाणी भरून घरातले चमचे मोजले, तर कशात चार मिली मावलं, कशात सात. तेव्हापासून गप्प आहेत.

तान्ह्या बाळाचे थेंब घरात असतील तर मोठ्या भावंडाला त्यातून चमचाभर देऊ नका, हेही तिनेच सांगितलं. त्या थेंबांत १ मिलीला १०० मिग्रॅ असतात, १२० वाल्या सिरपच्या चौपटीहून कडक.

काही गिऱ्हाइकांना तिचा राग येतो. परवा एक गृहस्थ तीन वर्षांच्या मुलासाठी सर्दीचं औषध मागत होते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी ताकीद औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढली होती. तिने खोका उलटा करून ते दाखवलं. त्यातच पॅरासिटामॉलही होतं. म्हणजे तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं म्हणून दोन्ही पाजली की तेच औषध दोनदा. गृहस्थ तणतणत समोरच्या दुकानात गेले. पावसाळ्यात आयबुप्रोफेनही ती चिठ्ठीशिवाय देत नाही. ताप डेंग्यूचा निघाला तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पाचातला एक तारा मी कापला तो संध्याकाळचा. सातनंतर काउंटरवर मालक असतात. माणूस सज्जन, पण वजन विचारत नाहीत, आणि अँटिबायोटिकची पावडर तशीच हातात देतात. पाणी कमी पडलं की औषध कडक होतं, म्हणून ते तिथेच रेघेपर्यंत भरून घ्या, हलवूनही घ्या. वजन आपणच सांगा. काटा त्या वेळी डायपरच्या खोक्यांखाली गेलेला असतो. काढायला लावा, ते काढतात.