घाटावरून आणलेली स्ट्रॉबेरीची रोपं आणि घरी केलेला गादीवाफा, एका हंगामाचा अनुभव

आधी मार्क सांगून टाकते, रोपांना 5 पैकी 4 आणि गादीवाफ्याला, म्हणजे फळ्या लावून जमिनीपासून उंच केलेल्या वाफ्याला, 5 पैकी 5. पुण्यात स्ट्रॉबेरी होत नाही, ते महाबळेश्वरचं पीक, तिथली हवा तिथली माती, असं मला आईपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं आणि पहिली दोन वर्षं ते खरंही ठरलं. तिसऱ्या वर्षी मात्र 18 रोपांवर डिसेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत साडेतीन किलो फळं निघाली, प्रत्येक वेळी काट्यावर ठेवून वहीत लिहिलेली. सोसायटीतल्या चार-पाच जणींनी रोपं कुठून आणली, माती काय घातली असं विचारलं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, बियांच्या नादी लागू नका. मी लागले होते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून पाकीट मागवलं, त्यावर लाल स्ट्रॉबेरीच्या शेजारी निळ्या स्ट्रॉबेरीचा फोटो, तेव्हाच शंका यायला हवी होती कारण निळी स्ट्रॉबेरी नावाचं काही जगात नसतंच. दीड महिना रोज स्प्रेने पाणी मारलं, जे उगवलं ते तण निघालं. फोटो पाठवले तर उत्तर आलं की तुमच्याकडचं तापमान बरोबर नाही. मला या गोष्टीचा अजून राग आहे, कारण नवीन माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही आणि बागकाम सोडून देतो. आणि बी खरं असलं तरी उपयोग थोडाच, बाजारात मिळते ती स्ट्रॉबेरी संकरित, तिच्या बीपासून आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते. घाटावरचे शेतकरीही बी पेरत नाहीत, मदर रोपाला जे लांब दोरीसारखे रनर फुटतात त्यांच्या टोकाच्या रोपांवरच सगळी लागवड होते.

दुसऱ्या वर्षी शहरातल्याच एका नर्सरीतून 6 रोपं आणली आणि परसात थेट जमिनीत लावली. आमची माती काळी, चिकट, ओली असली की चपलेला किलोभर चिकटून येते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला, तीन दिवस पाणी तुंबून राहिलं आणि आठवड्याभरात एकेक रोप कोमेजलं. उपटून मधोमध चिरलं तर आतला गाभा तांबूस तपकिरी, कुजका वास. तेव्हा कळलं की हवेचा प्रश्न नंतरचा, आधी पाणी निघून गेलं पाहिजे. स्ट्रॉबेरीच्या मुळांना ओल सतत लागते पण पाण्यात उभं राहणं अजिबात चालत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला तांबड्या मातीत, उतारावरसुद्धा उंच बेड पाडूनच लावतात, आणि आपण इथे काळ्या मातीत सपाटीवर लावतो.

मग गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही वाईच्या पुढे गेलो. त्या पट्ट्यात घरोघरी रोपवाटिका आहेत. परदेशातून आणलेली मदर रोपं उन्हाळ्याच्या शेवटी लावायची, पावसाळाभर त्यांचे रनर काळ्या पिशव्यांमध्ये धरायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती पिशवीतली रोपं वरती शेतात जातात, असा त्यांचा वर्षाचा फेरा. मोठ्या शेतकऱ्यांना हजारांत रोपं लागतात त्यामुळे 20 रोपं मागणाऱ्याला दोन ठिकाणी नाहीच म्हणाले. तिसरी रोपवाटिका छोटी, घराला लागूनच शेडनेट, तिथल्या मावशींनी मात्र आनंदाने दिली. 15 रुपयाला एक. मी वरवर हिरवीगार पानं बघून रोपं निवडत होते तर त्या म्हणाल्या, "ताई, पानाकडं काय बघताय, पिशवी दाबून बघा, बूड बघा." पिशवी दाबली की मातीचा गोळा घट्ट लागला पाहिजे म्हणजे मुळं भरलीत, आणि मधला गाभा करंगळीएवढा जाड हवा. ही एवढी एक गोष्ट शिकवल्याबद्दलच मी त्यांना एक मार्क जास्त देईन.

10 स्वीट चार्ली आणि 10 विंटर डॉन घेतली. एक मार्क कापलाय तो लेबलसाठी. दोन्ही जाती एकाच खोक्यात भरून दिल्या, घरी येईपर्यंत कुठलं कुठलं ते कळेना, आणि दोन रोपांच्या पानांवर जांभळट ठिपके होते जे घाईत माझ्या लक्षात आले नाहीत, ती दोन वाफ्यात न लावता वेगळ्या कुंडीत ठेवली आणि ठिपक्यांची पानं काढून टाकली. तुम्ही गेलात तर पट्टी आणि मार्कर बरोबर न्या आणि तिथेच खुणा करा.

आता गादीवाफा. रेडीमेड मिळतात, प्लास्टिकचे आणि जीआय पत्र्याचे, पण 6 फुटी घ्यायला गेलं तर किंमत ऐकूनच परत आले. आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, पाइनच्या फळ्या आणल्या. पॅलेट घेताना बाजूला ठसा असतो तो वाचा, एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून सुरक्षित केलेलं असतं ते चालतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते खायच्या पिकाला घेऊ नका. 6 फूट लांब, 3 फूट रुंद, 1 फूट उंच. रुंदी 3 फुटांपेक्षा जास्त करू नका, दोन्ही बाजूंनी हात मधपर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवला की माती दबलीच. उंची फूटभर पुरते कारण स्ट्रॉबेरीची बरीचशी मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. चारही कोपऱ्यात खुंट्या ठोकून फळ्या स्क्रूने बसवल्या, खिळे नाही, खिळे ओल्या लाकडातून सुटतात. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, आतून काही लावलं नाही. एक चूक झाली ती सांगते. लांब बाजूला मधोमध खुंटी दिली नव्हती, माती भरून पहिलं पाणी दिल्यावर 6 फुटी फळी धनुष्यासारखी बाहेर आली, मग अर्धी माती उपसून मध्ये एकेक खुंटी ठोकावी लागली. ती आधीच द्या.

वाफ्याला तळ नाही, थेट जमिनीवर ठेवलाय. खालची काळी माती आधी टिकावाने वीतभर खणून सैल केली. भरताना लाल मातीची 8 पोती, चांगलं कुजलेलं शेणखत 4 पोती आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, 5 किलोच्या दोन विटा भिजवून. कोकोपीट दोन-तीन पाण्यातून धुऊनच घ्या, त्यात क्षार असतात आणि स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. वर दोन मुठी निंबोळी पेंड. भरून झाल्यावर मी एक बादली पाणी एकदम ओतून बघितलं, दहा-बारा सेकंदात वरचं सगळं पाणी आत गेलं आणि थोड्या वेळाने खालच्या फटीतून पाझरायला लागलं. आदल्या वर्षी त्याच जागी तीन दिवस डबकं होतं, त्यामुळे ते बघून मला फार बरं वाटलं.

लावताना सगळं गणित गाभ्याचं आहे. रोप पिशवीतून काढलं की मुळं संपतात आणि पानांचे देठ सुरू होतात तिथे जो जाडसर भाग दिसतो तो बरोबर मातीच्या पातळीला आला पाहिजे. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. मी प्रत्येक रोपाभोवती बोट फिरवून तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी माती बसल्यावर परत एकदा, कारण पाणी दिल्यावर चार रोपं खाली गेली होती, ती अलगद वर उचलून घेतली. अंतर एक फूट, सहाच्या तीन ओळी. वर भाताचा पेंढा पसरला, तो एका गोठ्यातून फुकट मिळाला. शेतात सिल्व्हर-ब्लॅक मल्चिंग पेपर वापरतात, तोही चालेल, पण काहीतरी हवंच कारण फळ मातीला टेकलं की टेकलेल्या बाजूने सडतं.

नोव्हेंबरमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी वाटलं रोग, औषध आणायला निघालेच होते, मग लक्षात आलं की दोन आठवडे टाकीत बोअरचं पाणी येत होतं, आमच्या बोअरच्या पाण्याने नळावरसुद्धा पांढरा थर बसतो. कॉर्पोरेशनचं पाणी पिंपात साठवून देऊ लागले आणि नवी पानं स्वच्छ आली. पाणी सकाळीच आणि बुडाशी, पानांवर फुलांवर नाही, नाहीतर फळावर राखाडी बुरशी येते.

पहिली फुलं नोव्हेंबरच्या मध्यात आली आणि ती मी खुडली. मुलगी रडायच्या बेतात होती, पण रोप अजून लहान होतं, त्याची ताकद मुळांत आणि पानात जायला हवी. त्यानंतरची राखली. थंडी पडली, रात्रीचा पारा 12 च्या खाली गेला आणि मग जो बहर आला तो बघण्यासारखा होता. मार्केटमध्ये मिळणाऱ्या या जातींना लहान दिवस आणि गार रात्री लागतात, पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत दोन्ही मिळतं, म्हणजे आपल्याकडे होत नाही हे खरं नाही, हंगाम छोटा असतो एवढंच.

पहिली काही फळं वाकडी आली, एका बाजूने फुगलेली, दुसरीकडून चिमटलेली. याचं कारण फार सुंदर आहे. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे पिवळे दाणे दिसतात तीच खरी फळं, आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचा फुगलेला शेंडा. फुलाच्या मधल्या पिवळ्या उंचवट्यावर शेकडो बारीक स्त्रीकेसर असतात, ज्याच्यापर्यंत पराग पोचला तो दाणा भरतो आणि आपल्याभोवतीचा गर फुगवतो, ज्याच्यापर्यंत पोचला नाही तिथे खळगा राहतो. आमच्याकडे मधमाश्या कमी. मग मी मुलीच्या रंगपेटीतला मऊ ब्रश घेऊन दहा-अकराच्या उन्हात प्रत्येक फुलावर गोल फिरवायला लागले, आणि वाफ्याच्या कडेला झेंडू आणि तुळस ठेवली. जानेवारीतली फळं एकसारखी, टोकदार, भरलेली आली. दोन जाती तर मी त्या फळांवरूनच ओळखायला शिकले, विंटर डॉन मोठी आणि जरा आंबूस, स्वीट चार्ली लहान पण गोडीला सरस.

चवीबद्दल लिहायलाच हवं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होते पण गोड होत नाही, आंब्यासारखी आढीत पिकत नाही. लांब पाठवायची म्हणून विकणाऱ्यांना ती थोडी आधी तोडावी लागते, त्यांचा दोष नाही. घरी मात्र देठाजवळची पांढरी कड पूर्ण लाल होईपर्यंत थांबता येतं. दोन दिवस थांबले आणि सकाळी सातला, अजून दव असताना तोडली, सासूबाईंना दिली. त्यांनी आयुष्यभर स्ट्रॉबेरीला आंबट म्हणून साखर लावून खाल्ली, ती एक तशीच खाल्ली आणि म्हणाल्या, अजून आहे का.

बुलबुल येणारच. अर्धवट लाल झाली की चोच मारून जातात. जाळी लावा पण ताणून, सैल सोडली तर पक्षी अडकतात, माझ्याकडे एकदा अडकला होता, कात्रीने जाळी कापून सोडवला, तेव्हापासून पीव्हीसी पाइपच्या कमानी करून वर घट्ट बांधली. गोगलगाई रात्री येतात, टॉर्च घेऊन वेचल्या. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढलं की पानाखाली लाल कोळी दिसतो, बारीक जाळं आणि पानं फिकट, पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा जोरात मारला आणि दोनदा निंबोळी अर्क, तेवढ्यावर भागलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फळं बोराएवढी व्हायला लागली आणि हंगाम संपला.

खर्च एकूण 3660 रुपये झाला, त्यात रोपं फक्त 300 ची, बाकी लाकूड, माती, खत, जाळी. साडेतीन किलो स्ट्रॉबेरी विकत कितीला आली असती ते तुम्हीही जाणता, पहिल्या वर्षी पैसे वसूल होत नाहीत. पण वाफा चार-पाच वर्षं राहील आणि एप्रिलपासून त्यात मी पालक, मग पावसाळ्यात वाल घेतेय.

रोपं जपायची की नाही, यावर घरी चर्चा झाली. एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन त्यांना झेपत नाही, 18 पैकी 7 च वाचली, ती शेडनेटखाली कुंड्यांमध्ये आहेत आणि त्यांना जूनपासून रनर फुटलेत. सध्या 11 पिल्लं पिशवीत धरलीत, दाबून बघितलं की गोळा अजून सैल लागतो. तरी सप्टेंबरच्या शेवटी मावशींकडे जाणार आहेच, यावेळी नुसती स्वीट चार्ली घेणार, आणि त्यांना द्यायला आमच्या परसातले वाल नेणार.